दिवे लागतात, मग पॉइंट का बंद? मोटरहोममधली वीज कुठे अडते ते शोधताना

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोन नाहीतर ग्रँड कॅन्यनकडे निघालेल्या मराठी कुटुंबांत पहिल्या-दुसऱ्या मुक्कामाला एक प्रश्न ठरलेला असतो: ‘दिवे लागताहेत, नळाला पाणी आहे, मग मिक्सर का चालत नाही?’ प्रश्न रास्त आहे. घरात दिवे लागले म्हणजे वीज आहे, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं असतं. मोटरहोममध्ये मात्र दिव्यांवरून पॉइंटचा अंदाज बांधता येत नाही, कारण दोघांची वीजच वेगळी असते.

छतातले दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, फ्रिजचं कंट्रोल बोर्ड हे सगळं १२ व्होल्ट डीसीवर, म्हणजे गाडीतल्या बॅटरीवर चालतं. ही इंजिनाची बॅटरी नव्हे. तिला हाउस बॅटरी म्हणतात आणि ती राहण्याच्या भागासाठी स्वतंत्र असते. भिंतीतले पॉइंट, मायक्रोवेव्ह आणि छतावरचा एअर कंडिशनर (एसी) हे १२० व्होल्ट एसी करंटवर, म्हणजे घरातल्यासारख्या विजेवर चालतात, आणि ती वीज बाहेरून, जनरेटरमधून किंवा मोजक्या पॉइंटपुरती इन्व्हर्टरमधून यावी लागते. दोन्हींच्या मध्ये कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. तो १२० व्होल्ट घेऊन १२ व्होल्ट बनवतो आणि बॅटरी चार्ज करतो. उलट दिशेचं काम तो करत नाही.

यातून एक गोची होते. बाहेरची वीज गेली तरी दिवे चालूच राहतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. बॅटरी गुपचूप उतरत असते. दुसऱ्या दिवशी दिवे मिणमिणायला लागले की ‘बॅटरी खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात बिघाड आदल्या संध्याकाळपासून बाहेर, कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावर असतो.

म्हणून बंद पॉइंट दिसला की स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. आधी काय-काय बंद आहे ते पाहा. मायक्रोवेव्हचं घड्याळ यासाठी फार उपयोगी. ते पूर्ण काळं असेल, तर बहुधा १२० व्होल्ट गाडीत शिरतच नाहीये आणि बिघाड बाहेर किंवा मुख्य ब्रेकरपाशी आहे. घड्याळ चालू आहे, एसी चालू आहे, पण स्वयंपाकघर आणि बाथरूममधले पॉइंट मेलेत, तर गोष्ट जीएफसीआयची, म्हणजे करंटची गळती दिसली की वीज तोडणाऱ्या उपकरणाची, असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. फक्त टीव्हीचा पॉइंट गेलाय तर इन्व्हर्टरकडे बघायचं. एकच एकटा पॉइंट गेलाय, त्याच्या आजूबाजूचे ठणठणीत आहेत, तरच त्या पॉइंटवर संशय घ्यायचा. माझ्या मते निम्मं काम इथेच संपतं.

सगळंच बंद असेल तर

सुरुवात खांबापासून. कॅम्पग्राउंडमध्ये प्रत्येक जागेला पेडेस्टल नावाचा खांब असतो. त्यावर साधारणपणे २०, ३० आणि ५० अँपचे सॉकेट आणि प्रत्येकाचा स्वतंत्र ब्रेकर असतो. आधीच्या मंडळींनी निघताना तो बंद केलेला असतो आणि तुम्ही वायर जोडून आत येऊन बसता. अगदी बावळट वाटणारं कारण आहे, पण सर्रास घडतं.

ब्रेकर बघताना एक फरक ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या घरातली एमसीबी ट्रिप झाली की तिची दांडी सरळ खाली पडते, लांबूनही कळतं. अमेरिकन ब्रेकर ट्रिप झाला की दांडी मध्येच कुठेतरी अडकते आणि वरवर पाहता चालूच वाटते. ती नुसती वर ढकलून भागत नाही. आधी जोर लावून पूर्ण ऑफ करायची, कट्ट आवाज आला पाहिजे, मग ऑन. हेच गाडीतल्या पॅनेललाही लागू. ते पॅनेल बहुधा पलंगाखाली, बाकाखाली किंवा फ्रिजच्या तळाशी, काळपट प्लॅस्टिकच्या झाकणामागे असतं. एका बाजूला १२० व्होल्टचे ब्रेकर, दुसऱ्या बाजूला १२ व्होल्टचे रंगीत, चपटे फ्यूज. पॉइंट बंद असताना फ्यूज बदलत बसणारे लोक खूप. त्याचा पॉइंटशी काही संबंध नाही.

खांबावरचं सॉकेट हीही दुखरी जागा. दर हंगामात कित्येक गाड्यांचे प्लग त्यात घुसवले-उपसले जातात, आतल्या पट्ट्या सैल पडतात, सैल जोडातून ३० अँप गेले की तो तापतो. तुमच्या प्लगची पाती काळी पडलीयेत, प्लॅस्टिक तपकिरी झालंय किंवा वितळलंय असं दिसलं, तर सरळ ऑफिसात जाऊन दुसरी जागा मागा. प्लग घालताना आणि काढताना खांबावरचा ब्रेकर बंद ठेवला तर हे नुकसान बरंच टळतं.

काही गाड्यांत, किंवा खांबाला लावायच्या डब्यात, ईएमएस नावाचं संरक्षक उपकरण असतं. येणारी वीज ठीक नसेल तर ते गाडीत काही सोडतच नाही. व्होल्टेज १०४च्या खाली किंवा १३२च्या वर गेलं की तोडायचं, अशी त्यातल्या बऱ्याच उपकरणांची मर्यादा असते. जुलैच्या दुपारी सगळ्या गाड्यांचे एसी एकदम चालू झाले की जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये व्होल्टेज खाली येतंच. शिवाय वीज परत नीट झाली तरी एसीच्या कॉम्प्रेसरला धक्का बसू नये म्हणून काही ईएमएस दोन-सव्वादोन मिनिटं थांबून मग जोडतात. तेवढ्यात लोक प्लग काढून पुन्हा लावतात, आणि ती दोन मिनिटं नव्याने मोजायला लागतात! प्लग लावा, चहाचं आधण ठेवा गॅसवर, मग बघा. पडद्यावर एररचा आकडा दिसत असेल तर त्याचा अर्थ त्याच डब्याच्या बाजूला छापलेला असतो.

यलोस्टोनला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिथल्या कॅम्पग्राउंडपैकी वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये मिळते (आरव्ही म्हणजे मोटरहोमसारख्या राहण्याच्या गाड्या). बाकी ठिकाणी खांबच नाही. तिथे पॉइंट बंद असणं हा बिघाड नाहीच. इन्व्हर्टरवरचे सोडले तर जनरेटर लावल्याशिवाय ते चालू होणार नाहीत, आणि जनरेटरला जिथे परवानगी आहे तिथेही तो ठरलेल्या वेळेतच लावता येतो.

जनरेटर धडधडतोय आणि तरी पॉइंट मेलेले, अशीही अवस्था येते. बऱ्याच गाड्यांत ट्रान्स्फर स्विच आपोआप जनरेटरकडे वळतो, पण तोही लगेच नाही. इंजिन स्थिर होईपर्यंत साधारण अर्धा मिनिट घेतो. काही भाड्याच्या गाड्यांत हा स्विच नसतोच. बाहेरची जाड वायर ज्या कप्प्यात गुंडाळून ठेवतात, त्याच कप्प्यात आत एक सॉकेट असतं आणि वायरचा प्लग त्यात खोचायचा असतो. तो खोचला नाही तर जनरेटर रात्रभर चालवला तरी आत काही येणार नाही. जनरेटरच्या अंगावर त्याचे स्वतःचे ब्रेकरही असतात, तेही बघा. आणि तो सुरूच होत नसेल तर पेट्रोलचा काटा पाहा. टाकी साधारण पाव भागाच्या खाली गेली की जनरेटरला इंधन मिळणं मुद्दाम बंद व्हावं, अशी नळीची रचना असते, म्हणजे जंगलात अडकलात तरी गाडी बाहेर काढण्यापुरतं पेट्रोल उरतं.

निम्मी गाडी चालू, निम्मी बंद

हे ५० अँपच्या मोठ्या गाड्यांत होतं, आणि यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ३० अँपच्या प्लगला तीन पाती: एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ. १२० गुणिले ३०, म्हणजे ३,६०० वॉट. ५० अँपच्या प्लगला मात्र चार पाती असतात, कारण त्यात फेज दोन असतात आणि प्रत्येकावर ५० अँप मिळतात. एकूण १२,००० वॉट. नावावरून वाटतं की ५० म्हणजे ३०च्या पावणेदोन पट. प्रत्यक्षात सव्वातीन पट आहे.

गाडीतले अर्धे ब्रेकर एका फेजवर, अर्धे दुसऱ्यावर. खांबावर एक फेज गेला की पुढचा एसी चालतो, मागचा नाही. बेडरूमचे पॉइंट चालतात, हॉलचे नाहीत. हे त्रासदायक आहे, पण धोक्याचं नाही. धोका आहे तो न्यूट्रल तुटण्यात. दोन फेजमध्ये मिळून २४० व्होल्ट असतात आणि न्यूट्रल त्यांना १२०-१२० असं समान वाटून देत असतो. तो तुटला की वाटणी लोडवर अवलंबून राहते: एका बाजूला ७० व्होल्ट, तर दुसरीकडे १७०. काही दिवे मंद, काही उपकरणांचे आवाज अचानक चढे, पंखा सुसाट, असं काही एकदम दिसलं तर कारण शोधत बसू नका. खांबावरचा ब्रेकर आधी पाडा. मायक्रोवेव्ह, टीव्ही, कन्व्हर्टर हे सगळं काही सेकंदांत जळू शकतं.

जीएफसीआय, म्हणजे बहुतेकांचं उत्तर

बाथरूममधल्या आरशाशेजारच्या पॉइंटवर दोन छोटी बटणं असतात: टेस्ट आणि रिसेट. तोच जीएफसीआय. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट तो सतत ताडून बघतो. दोन्ही समान असले तर ठीक. ४ ते ६ मिलिअँपचा फरक पडला तरी, म्हणजे थोडा करंट कुठेतरी, कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून, जमिनीत जातोय असं दिसलं की तो क्षणात वीज तोडतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी १९६१ मध्ये हे उपकरण शोधलं. माणसाच्या शरीरावर विजेचा परिणाम किती करंटला काय होतो, याचा त्यांनी आधी अनेक वर्षं अभ्यास केला होता.

महाराष्ट्रात घराच्या मुख्य बोर्डावर आरसीसीबी असते, तत्त्व तेच. पण ती सहसा ३० मिलिअँपची असते आणि पडली की अख्खं घर अंधारात जातं, त्यामुळे कुठे जायचं ते सगळ्यांना माहीत असतं. अमेरिकेत हीच यंत्रणा भिंतीतल्या एका पॉइंटच्या आत बसवलेली असते, आणि गंमत अशी की त्याच्या पुढे जोडलेले बाकीचे पॉइंटही त्याच्याच भरवशावर चालतात. पाटाच्या पाण्यासारखं आहे हे. वरच्या शेतकऱ्याने दार लावलं की खालची सगळी शेतं कोरडी, आणि खालचा शेतकरी उगाच आपल्याच सरीत फावडं मारत बसतो. बाथरूमचा जीएफसीआय पडला की ओट्यावरचा पॉइंट बंद, जेवणाच्या टेबलाजवळचा बंद, गाडीच्या बाहेर सावलीच्या कनातीखालचाही बंद. नियमांप्रमाणे बाथरूममधले, सिंकपासून ६ फुटांच्या आतले आणि गाडीबाहेरचे पॉइंट या संरक्षणाखाली असावे लागतात. गाडी बनवणारे एकच जीएफसीआय बसवून ही सगळी माळ त्याच्यामागे ओवतात.

तेव्हा ओट्यावरचा पॉइंट मेला तर बाथरूममध्ये जा आणि रिसेट दाबा. जीएफसीआय बाथरूममध्ये नसेल तर सिंकजवळ, कपाटाच्या आत, पलंगाच्या बाजूला, बाहेरच्या सामानाच्या कप्प्यात शोधा. काही गाड्यांत पॉइंटवर बटणं नसतातच. पॅनेलमधल्या एखाद्या ब्रेकरवर टेस्ट लिहिलेलं असतं, म्हणजे तो ब्रेकरच जीएफसीआयचं काम करतो. इन्व्हर्टरच्या अंगावरही कधी कधी एक असतो.

रिसेट दाबलं आणि बटण आत बसतच नाही, नुसतं मऊ-मऊ लागतं? बहुधा त्याच्यापर्यंत वीजच पोचत नाहीये. आजकालचे जीएफसीआय वीज नसताना रिसेट होत नाहीत. परत मागे, ब्रेकरकडे जा. बटण बसतं आणि लगेच टक् करून बाहेर येतं? मग पुढे कुठेतरी खरोखर गळती आहे. माळेतल्या सगळ्या पॉइंटचे प्लग काढा आणि पुन्हा दाबा. आता टिकलं तर एकेक प्लग लावत चला. ज्याने पडेल तो गुन्हेगार. एकही प्लग नसताना पडत असेल, तर पहिला संशय बाहेरच्या पॉइंटवर. त्याच्या झाकणाचं रबर सुकलेलं असतं, पावसात किंवा गाडी धुताना आत पाणी शिरतं. उन्हात उघडं ठेवून वाळलं की बऱ्याचदा आपोआप बरं होतं. जुन्या पद्धतीच्या गॅस-वीज दोन्हींवर चालणाऱ्या फ्रिजचा पॉइंट गाडीच्या बाहेरच्या जाळीमागे असतो. फ्रिजचं हीटिंग एलिमेंट बिघडलं की तोही माळ पाडतो. आणि जीएफसीआय स्वतःही म्हातारा होतो. नवा लावताना ‘लाइन’ आणि ‘लोड’ या दोन बाजू उलट जोडल्या तर तो नवाकोरा असूनही रिसेट होत नाही.

जीएफसीआय सोडून ब्रेकरच पडत असेल, तर स्वयंपाकघराचा हिशेब करा. सकाळची वेळ: १,५०० वॉटची किटली साडेबारा अँप खाते, १,००० वॉटचा इन्स्टंट पॉट (विजेवरचा कुकर) सव्वाआठ. दोन्ही ओट्यावर शेजारीशेजारी लावले की पावणेएकवीस अँप झाले, आणि त्या ओळीचा ब्रेकर बहुधा १५चा असतो. तेवढ्यात वर एसी १३ अँप घेत असेल आणि कुणी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं, तर ३०चा मुख्य ब्रेकरही जातो. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. भात शिजेपर्यंत चहा गॅसवर करा.

इन्व्हर्टरचे पॉइंट

लोडशेडिंगच्या वर्षांत घरी इन्व्हर्टर बाळगलेल्यांना हा भाग समजावून सांगायला नको. बॅटरीतल्या १२ व्होल्टचे १२० करून तो काही मोजक्या पॉइंटना देतो, बहुधा टीव्ही आणि एखादा पलंगाजवळचा. सगळ्या गाड्यांत तो नसतो. असला तर तो पॅनेलवरच्या बटणाने चालू करावा लागतो. बॅटरी फार उतरली की तो स्वतःहून थांबतो. खांबाची वीज आल्यावर तीच वीज तो आपल्यामधून पुढे सोडतो, त्यामुळे इन्व्हर्टरच्या डब्यावरचा छोटा ब्रेकर उडाला असेल तर खांबाला जोडलेलं असूनही टीव्हीचा पॉइंट मेलेलाच राहतो. तो डबा बॅटरीजवळच्या कप्प्यात असतो आणि तिथे कुणी बघत नाही.

एकटाच पॉइंट गेला असेल तर

आता मीटर काढायचा. आपल्याला सवय असते ती नीऑनच्या दिव्याच्या टेस्टरची: खोचला, दिवा लागला, म्हणजे ‘करंट आहे’. इथे हा टेस्टर फसवतो. न्यूट्रलची वायर सुटलेली असली तरी फेजच्या फटीत नीऑन लागतोच, कारण तो आपलं सर्किट तुमच्या अंगातून पूर्ण करतो. पॉइंट पूर्ण मेलेला आणि टेस्टर म्हणतो वीज आहे! १२० व्होल्टला तो दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, एसी व्होल्टवर ठेवा. अमेरिकन सॉकेटमध्ये आखूड फट फेजची, लांब फट न्यूट्रलची, गोलसर भोक अर्थचं.

आखूड-लांब यांत १२०च्या आसपास, आखूड-गोल यांतही १२०, आणि लांब-गोल यांत जवळपास शून्य, तर पॉइंट ठीक आहे आणि तुमचं उपकरणच बिघडलंय. आखूड-गोल १२० पण आखूड-लांब शून्य किंवा काहीतरी अर्धवट आकडा, तर न्यूट्रल तुटलाय. दोन्हींकडे शून्य, तर फेज येत नाहीये. आणि आखूड-लांब १२० असून आखूड-गोल शून्य दाखवत असेल, तर पॉइंट व्यवस्थित चालेल, पण अर्थिंग नाही. हा चौथा प्रकार सगळ्यात वाईट, कारण त्याची तक्रार कुणीच करत नाही.

मोटरहोममध्ये न्यूट्रल किंवा फेज सुटण्याचं एक खास कारण आहे. घरातल्यासारखी भिंतीत पेटी बसवून, स्क्रूने वायर आवळून केलेले पॉइंट इथे कमीच. भिंती पातळ, काम घाईचं, म्हणून एक वेगळाच सॉकेट वापरतात. त्याच्या पाठीला पितळी काटे असतात. अखंड केबल त्यावर ठेवून झाकण दाबलं की काटे वायरचं आवरण फाडून आतल्या तांब्याला धरतात. स्क्रू नाही, पेटी नाही. कारखान्यात सेकंदांत काम होतं. मग तीच गाडी हजारो मैल खडखडत जाते, उन्हात तापते, थंडीत आक्रसते, आणि काट्यांची पकड ढिली पडते. पकड ढिली म्हणजे रोध वाढला, रोध वाढला म्हणजे उष्णता. पॉइंटचं झाकण हाताला कोमट लागतंय, एका फटीभोवती पिवळसर डाग आलाय, किंवा गाडीत सुकट-बोंबील काही नसताना मासळीसारखा वास येतोय, तर त्या पॉइंटवर पुन्हा काही लावू नका. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास तसाच येतो.

असा पॉइंट उघडण्याआधीची एक गोष्ट घरापेक्षा वेगळी आहे. घरात मेन स्विच पाडला की झालं. इथे वीज तीन वाटांनी येते: खांब, जनरेटर, इन्व्हर्टर. खांबाची वायर उपसली तरी जनरेटर आपोआप सुरू होणारा असेल तर तो सुरू होऊ शकतो, आणि छतावर सोलर असेल तर बॅटरी भरलेली, म्हणजे इन्व्हर्टर तयारच. तिन्ही बंद करा, मग मीटरने शून्य आहे याची खात्री करा, मगच स्क्रू. वायर नव्याने बसवायची तर त्याच काट्यांच्या सॉकेटमध्ये पुन्हा दाबण्यापेक्षा तिथे पेटी आणि स्क्रूचं साधं सॉकेट लावलेलं चांगलं. भाड्याची गाडी असेल तर यातलं काहीच करू नका. कंपनीला फोन करा. आणि हिवाळाभर उभी असलेली गाडी असेल तर पॉइंटच्या आधी उंदरांच्या लेंड्या शोधा. वायर कुरतडणं हा त्यांचा आवडता उद्योग.

दाराला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर

बाहेरून येऊन दाराची कडी धरली आणि हाताला बारीक झिणझिण्या आल्या, तर पॉइंटचा विषय तिथेच सोडा. गाडीचा पत्रा जिवंत झालाय. अर्थिंग तुटलेलं आहे आणि कुठूनतरी गळती आहे, असा त्याचा अर्थ. गाडी रबरी टायरवर उभी असते, त्यामुळे तो करंट जमिनीत जायला वाट शोधत असतो, आणि ओल्या गवतावर अनवाणी उभं असलेलं पोर ही वाट सहज होतं. आतल्यांनी आतच थांबावं, बाहेरच्यांनी गाडीला हात लावू नये, खांबावरचा ब्रेकर पाडावा आणि मग प्लग काढावा. न टेकवता वीज दाखवणारा पेनासारखा टेस्टर मिळतो. तो पत्र्याजवळ नेला की वाजतो. नव्या जागी वायर जोडल्यावर दार उघडण्याआधी एकदा तो पत्र्याला दाखवायची सवय फार स्वस्तात पडते.

घराच्या ड्राइव्ह-वेमध्ये

स्वतःची गाडी असलेले लोक सहलीआधी ती दारात आणून फ्रिज थंड करायला घराच्या पॉइंटला लावतात. अडॅप्टर लावून गॅरेजच्या १५ किंवा २० अँपच्या पॉइंटला जोडलं की त्यावरचा जीएफसीआय ताबडतोब पडतो, ही नेहमीची रड. गाडीतल्या पाण्याच्या हीटरच्या एलिमेंटमधून गळती असेल तर तसं होतं. किंवा गाडीत कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटलेले असतात. घराच्या मुख्य पॅनेलमध्ये ते जोडलेलेच असतात, पण मोटरहोमच्या पॅनेलमध्ये वेगळेच राहिले पाहिजेत. ते जोडायचे ते फक्त जिथून वीज येते तिथे. घरांची सवय असलेला एखादा कारागीर गाडीत ते जोडून जातो आणि मग हा घोळ सुरू होतो.

त्याहून महाग पडणारी गोष्ट म्हणजे गॅरेजमध्ये ‘आरव्हीसाठी ३० अँपचा पॉइंट’ काढून घेणं. इलेक्ट्रिशियनच्या कानावर ३० अँप पडलं की त्याच्या डोळ्यांसमोर कपडे वाळवण्याच्या ड्रायरचा पॉइंट येतो, आणि तो २४० व्होल्टचा असतो. मोटरहोमचा ३० अँपचा पॉइंट १२०चा. दोन्हींची पाती तिरकी, दिसायला भावंडं. फरक तिसऱ्या पात्यात: ड्रायरच्या जुन्या सॉकेटला ती फट एल आकाराची, गाडीच्या सॉकेटला गोलसर. आकार बरोबर लावूनही मागे दोन फेज जोडले गेले, तर गाडीत १२०च्या जागी २४० शिरतात आणि कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, एसीचं बोर्ड एका झटक्यात जातं. काम करून घेताना त्याला सांगायचं ते असं: ३० अँपचा एकेरी ब्रेकर, १० गेजची वायर, १२० व्होल्ट. काम झाल्यावर गाडी जोडण्याआधी मीटरचे दोन खिळे दोन तिरक्या फटींत घाला. आकडा १२०च्या आसपास आला तर जोडा. २४० आला तर त्यालाच परत बोलवा, आणि तोवर गाडीची वायर गुंडाळलेलीच राहू द्या.